सर्व्हरसाठी नवी आवृत्ती की जुनी? आधी तारीख पाहा

मार्च 2024च्या अखेरीस मायक्रोसॉफ्टमधले अभियंते आंद्रेस फ्रॉइंड डेबियन लिनक्सच्या विकसित होत असलेल्या शाखेवर काही चाचण्या करत होते. एसएसएचने लॉगिन व्हायला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतोय, हे त्यांना खटकलं. त्या अर्ध्या सेकंदाचा माग काढताना एक्सझेड या फाइली आकसवणाऱ्या साधनाच्या 5.6.0 आणि 5.6.1 या ताज्या आवृत्त्यांत मुद्दाम ठेवलेला चोरदरवाजा सापडला. डेबियनच्या चाचणी शाखांत आणि फेडोराच्या येऊ घातलेल्या आवृत्तीत तो पोहोचला होता. सर्व्हरवर चालणाऱ्या स्थिर डेबियन 12 मध्ये मात्र 5.4.1 होती, त्यामुळे ते सर्व्हर वाचले.

सर्वांत नवी आवृत्ती तीच सर्वांत सुरक्षित, हा समज अशा वेळी टिकत नाही. 2014 मधली हार्टब्लीड ही गाजलेली त्रुटी ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या साधनाच्या 1.0.1 मालिकेत होती, जुन्या 0.9.8 मध्ये नव्हतीच. नव्या कोडबरोबर नव्या चुकाही येतात, आणि त्या उघड व्हायला वेळ लागतो.

पण यावरून ‘चालतंय ना, मग हात कशाला लावायचा’ असं ठरवणं जास्त धोक्याचं आहे. वॉनाक्राय या खंडणीखोर प्रोग्रामचा हल्ला 12 मे 2017 रोजी झाला. त्याने वापरलेल्या त्रुटीचा पॅच मायक्रोसॉफ्टने 14 मार्चलाच दिला होता. ज्यांनी तो बसवला त्यांच्यासाठी ती वाट बंद झाली होती. विंडोज सर्व्हर 2003चा सपोर्ट मात्र जुलै 2015 मध्येच संपलेला. त्याच्या सर्वसाधारण वापरकर्त्यांना पॅच मिळाला तो हल्ला सुरू झाल्यावर, कंपनीने अपवाद केला म्हणून. अशा अपवादावर कोणत्याही संस्थेने आपला डेटा सोडू नये.

म्हणजे वय महत्त्वाचं नाही. दुरुस्त्या येत आहेत का आणि कोणत्या तारखेपर्यंत येणार आहेत, हे महत्त्वाचं.

इथे आणखी एक गैरसमज आड येतो, आणि तो भल्याभल्यांना चकवतो: आकडा जुना, म्हणजे त्रुटी उघडी. रेड हॅट, डेबियन, उबंटू यांच्या दीर्घकालीन आवृत्त्यांत सहसा अख्खं साधन बदलत नाहीत. नव्या आवृत्तीतली नेमकी दुरुस्ती जुन्या कोडमध्ये आणून बसवतात. मूळ प्रकल्पाने हार्टब्लीड 1.0.1जी मध्ये दुरुस्त केली, तर रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स 6 मध्ये दुरुस्तीनंतरही आकडा 1.0.1ई असाच राहिला, फक्त त्यापुढचा पॅकेज क्रमांक वाढला. केवळ मूळ आकडा वाचणारं तपासणी साधन अशा वेळी उगाच लाल शेरा मारतं. त्या घाबरगुंडीत कुणी मूळ प्रकल्पाचा कोड आणून हाताने बसवला, तर पुढच्या दुरुस्त्यांची साखळीच तुटते. पॅकेजचा पूर्ण क्रमांक आणि वितरकाची सुरक्षा सूचना ताडून पाहणं हा खरा उपाय.

जाहीर केलेली तारीख दगडावरची रेघ असते, असंही नाही. रेड हॅटच्या कोडवरून बनणाऱ्या मोफत सेंटओएसची 8वी आवृत्ती सप्टेंबर 2019 मध्ये आली, 2029 पर्यंत चालेल अशी अपेक्षा होती. डिसेंबर 2020 मध्ये घोषणा झाली, की तिच्या दुरुस्त्या 2021च्या अखेरीस थांबतील. सेंटओएस 7 मात्र आपल्या ठरल्या तारखेपर्यंत, 30 जून 2024 पर्यंत, चालली. नव्या आवृत्तीवर लगोलग गेलेल्यांनाच आधी बिऱ्हाड हलवावं लागलं! अनेकांनी त्यानंतर उभ्या राहिलेल्या रॉकी लिनक्स किंवा अल्मालिनक्सचा रस्ता धरला.

उबंटूच्या मधल्या आवृत्त्यांना जेमतेम 9 महिने सपोर्ट असतो, एलटीएस म्हणजे दीर्घकालीन आवृत्तीला 5 वर्षं. सर्व्हरसाठी एलटीएसच घ्यावी. मात्र ही 5 वर्षं ‘मेन’ या भांडारातल्या पॅकेजांपुरती असतात. ‘युनिव्हर्स’मधल्या पॅकेजांना तशी हमी उबंटू प्रो ही वेगळी सेवा घेतल्यावरच मिळते, हे फार थोड्यांच्या लक्षात येतं.

जुन्या यंत्रावर नवी आवृत्ती फार तर संथ चालेल, हेही नेहमी खरं नसतं. रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स 10 ला इंटेलचे साधारण 2013 पासूनच्या हॅस्वेल पिढीचे किंवा त्या तोडीचे प्रोसेसर लागतात. त्याआधीच्या यंत्रावर ती चालतच नाही.

राहिला प्रश्न बदलाचा. अपग्रेड म्हणजे एक आज्ञा देऊन चहाला जाणं नव्हे. उबंटू 20.04 वरून 24.04 वर जायचं तर मध्ये 22.04चा मुक्काम घ्यावाच लागतो. आणि सिस्टिम सुखरूप पोहोचली तरी तिच्यावरचा प्रोग्राम पोहोचेलच असं नाही: 20.04 मध्ये पीएचपी 7.4 होती, 24.04 मध्ये 8.3 आहे, तिथल्या पायथन 3.12 मधून तर डिस्टयुटिल्स हे जुनं मॉड्यूल काढूनच टाकलंय. म्हणून नवी आवृत्ती वेगळ्या यंत्रावर बसवावी, बॅकअपमधला डेटा तिथे उतरवावा, महिनाअखेरच्या हिशेबासारखी क्वचित चालणारी कामंही चालवून पाहावीत आणि मगच जुना सर्व्हर बंद करावा.