प्रोग्रामर ठेवताना पारख कशी करावी?

शिलाईच्या कारखान्यात नवा कारागीर आला की मालक त्याचे सर्टिफिकेट पाहत नाही. मशीनवर बसवतो, कॉलर लावायला सांगतो आणि टाके पाहतो. पण बिलाचा, स्टॉकचा प्रोग्राम बनवणारा तरुण आला की हेच मालक बायोडाटा चाळतात आणि पगार ठरवून मोकळे होतात. आपल्याला कॉम्प्युटरमधले कळत नाही, हा संकोच. आम्ही म्हणतो, धंदा तर कळतो ना? मग परीक्षा धंद्यातलीच घ्यावी.

चपला-बुटांचे उदाहरण घेऊ. 800 रुपयांच्या जोडावर 12 टक्के जीएसटी होता, तो 22 सप्टेंबर 2025 पासून 5 टक्के झाला. घाऊक व्यापाऱ्याने 20 तारखेला दहा जोड विकले, 25 तारखेला तीन परत आले. क्रेडिट नोटवर कर किती? विक्री जुन्या दराने झाली म्हणून जोडामागे 96 रुपये. नवा दर लावला तर 40 येतात, म्हणजे जोडामागे 56 रुपयांचा घोळ.

एवढी हकीकत उमेदवाराला सांगून दोन तास द्यावेत. कायदा त्याला ठाऊक नसला तरी हरकत नाही. ‘कर कोणत्या तारखेच्या दराने धरू?’ असे त्याने आधी विचारले, तर निम्मी परीक्षा तिथेच पास. काही न विचारता कीबोर्ड बडवू लागला तर सावध राहावे. काम झाल्यावर दर पुन्हा बदलायला सांगावे. जाणकार माणूस तारीखवार दरांचा तक्ता वेगळा ठेवतो, त्यात एक ओळ भरली की झाले. कच्चा माणूस आकडा ठिकठिकाणी लिहितो आणि बदलताना जुनी बिलेही बिघडवतो. मग दहा विकलेल्यांपैकी बारा परत आले असे टाकून पाहावे. प्रोग्रामने ते अडवले पाहिजे.

2007 पासून गाजलेली ‘फिझबझ’ परीक्षा आहे. 1 ते 100 आकडे लिहिताना 3 ने भाग जाणाऱ्याच्या जागी ‘फिझ’, 5 ने जाणाऱ्याच्या जागी ‘बझ’, दोन्हींनी जाणाऱ्याच्या जागी ‘फिझबझ’. पण तिचे उत्तर आता मुले पाठ करून येतात. एआयही प्रोग्राम लिहून देतो. त्याला आमची ना नाही, मात्र मधल्याच एखाद्या ओळीवर बोट ठेवून ‘ही काय करते?’ असे विचारावे.

परीक्षेच्या नावाखाली फुकटात प्रोग्राम करून घेणारेही आहेत, ते आम्हांला पसंत नाही. काम दोन तासांहून मोठे असेल तर मोबदला द्यावा. आणि त्याने आधी जिथे काम केले त्या दुकानात जाऊन एवढे विचारावे, की प्रोग्राम बंद पडला तेव्हा हा फोन उचलत होता का?