अमेरिकन प्रवासी आणि युरोपातील संभाषणसंकेत

युरोपला प्रथमच जाणाऱ्या अमेरिकन माणसासाठी लिहिलेल्या मार्गदर्शक वाङ्मयाची परंपरा जुनी आहे. १९४२ साली ब्रिटनमध्ये उतरणाऱ्या आपल्या सैनिकांसाठी अमेरिकेच्या युद्धखात्याने एक लहानशी सूचनापुस्तिका काढली होती. बढाया मारू नयेत, यजमानांच्या रीतीभातींची थट्टा करू नये, असे तिचे सांगणे होते. पुढे जर्मनीत लष्करी सेवेत असताना आर्थर फ्रॉमर ह्याने १९५५ मध्ये सैनिकांसाठी प्रवासपुस्तिका लिहिली, आणि १९५७ मध्ये सर्वसामान्य प्रवाशांसाठी ‘युरोप ऑन फाइव्ह डॉलर्स अ डे’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. अशा मार्गदर्शिकांत खर्च, निवास आणि प्रेक्षणीय स्थळे ह्यांचा विचार विस्ताराने केलेला असतो. भाषेच्या वाट्याला मात्र बहुधा उपयुक्त शब्दांची आणि वाक्यांची एक यादी येते. ती पाठ केली की भाषेचा प्रश्न सुटला, असे जणू गृहीत धरलेले असते.

वस्तुस्थिती तशी नाही. शब्द चुकला किंवा प्रत्यय चुकला, तर ऐकणारा ती चूक भाषेच्या अज्ञानाकडे लावतो आणि हसून सोडून देतो. परंतु संभाषणाचा संकेत चुकला, तर ती चूक बोलणाऱ्याच्या स्वभावाकडे लावली जाते. व्याकरणदृष्ट्या निर्दोष वाक्य बोलूनही प्रवासी उद्धट ठरू शकतो, आणि आपण उद्धट ठरलो हे त्याला कोणी सांगतही नाही. उलट बाजूनेही हेच घडते. परक्या संकेताचा अर्थ न कळल्यामुळे ‘फ्रेंच लोक तुसडे असतात’ अथवा ‘जर्मन लोक रुक्ष असतात’, असे अनुमान प्रवासी काढतो आणि तेच घेऊन घरी परततो. म्हणून प्रथमच युरोपला जाणाऱ्या अमेरिकन प्रवाशाला द्यावयाचा पहिला सल्ला शब्दसंग्रहाविषयी नसून संकेतांविषयी असला पाहिजे.

१. अभिवादन

फ्रान्समध्ये दुकानात पाऊल टाकताच ‘बोंझूर, मादाम’ किंवा ‘बोंझूर, मस्य’ असे म्हणावयाचे असते. तिकिटाची खिडकी, बस, उपाहारगृह, वैद्याकडील प्रतीक्षागृह ह्या सर्व ठिकाणी हाच प्रघात आहे. अमेरिकन प्रवासी हसतमुखाने आत येतो आणि ‘क्षमा करा, अमुक वस्तू कोठे मिळेल?’ असे अगदी नम्रपणे विचारतो. त्याच्या समाजात स्मित हेच अभिवादनाचे काम करते. फ्रेंच संकेतानुसार मात्र अभिवादन झालेच नाही, आणि समोरच्या व्यक्तीला माणूस म्हणून न ओळखताच तिच्याकडे काम सांगितले गेले. अशा वेळी दुकानदार थोड्या ठासून ‘बोंझूर’ म्हणतो. प्रवाशाला ते स्वागत वाटते. वास्तविक ते स्मरणपत्र असते. ‘आपल्याला इंग्रजी येते का?’ हा प्रश्नदेखील ‘बोंझूर’ म्हटल्यानंतरच विचारावा. बाहेर पडताना निरोपाचा शब्दही तितकाच आवश्यक असतो.

मालिनोव्स्की ह्याने १९२३ साली केवळ संबंध जोडण्यासाठी होणाऱ्या भाषिक व्यवहाराकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. ह्या व्यवहाराची रूपे समाजागणिक बदलतात. अमेरिकन माणसाचे ‘कसे काय?’ हे बहुतेक वेळा निव्वळ अभिवादन असते. तोच प्रश्न जर्मन भाषेत केला, तर ऐकणारा तो खरा प्रश्न समजून प्रकृतीविषयी सविस्तर उत्तर देण्याचा संभव असतो. उत्तराची वाट न पाहता पुढे जाणारा प्रवासी मग वरवरचा वाटू लागतो.

२. संबोधन

मराठी वाचकाला ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ ह्यांतील भेद सांगावा लागत नाही. अमेरिकन प्रवाशाला तो समजावून घ्यावा लागतो. इंग्रजीतील जुने एकवचनी सर्वनाम सतराव्या शतकापासून प्रमाणभाषेतील नित्य व्यवहारातून मागे पडले आणि सर्वांसाठी एकच रूप उरले. फ्रेंचमधील ‘त्यु’ आणि ‘वू’, जर्मनमधील ‘दू’ आणि ‘झी’, इटालियनमधील ‘तू’ आणि ‘लेई’, स्पॅनिशमधील ‘तू’ आणि ‘ऊस्तेद’ ह्या जोड्या मात्र आजही जिवंत आहेत.

ब्राउन आणि गिलमन ह्यांनी १९६० साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात ह्या जोड्यांमागील दोन तत्त्वे दाखवून दिली: अधिकार आणि समभाव. पूर्वी वरिष्ठाने कनिष्ठाला जवळिकीचे रूप वापरावे आणि कनिष्ठाने आदराचे, अशी विषम रीत होती. पुढे समभावाचे तत्त्व प्रबळ झाले. परिचितांनी परस्परांना जवळिकीचे रूप वापरावे आणि अपरिचितांनी परस्परांना आदराचे, अशी सम रीत रूढ झाली. म्हणून आजच्या युरोपात आदराचे रूप हे नेहमीच थोरपणाचे चिन्ह नसते. पुष्कळदा ते केवळ परिचयाच्या अभावाचे चिन्ह असते. मराठी अभ्यासकानेही येथे सावध राहावे. अनेक मराठी घरांत आईला ‘तू’ आणि वडिलांना ‘तुम्ही’ म्हटले जाते. आजच्या सर्वसामान्य फ्रेंच किंवा जर्मन घरात मुले दोघांनाही जवळिकीच्याच रूपाने संबोधतात. जोड्या सारख्या दिसल्या, तरी त्यांच्या सीमारेषा सारख्या नसतात.

अमेरिकन इंग्रजीत हा भेद सर्वनामाने नव्हे, तर नावाने दाखविला जातो. ब्राउन आणि फोर्ड ह्यांच्या १९६१ च्या अभ्यासानुसार तेथे उपपद आणि आडनाव ह्यांवरून पहिल्या नावावर येण्यास फारच थोडा परिचय पुरतो. ही सवय घेऊन गेलेला प्रवासी जर्मनीतील वयस्क गृहस्थाला पहिल्या भेटीतच नावाने हाक मारतो, तेव्हा त्याच्या मनात स्नेह असतो. ऐकणाऱ्याला मात्र ती सलगी वाटते. ह्यावर सोपा उपाय असा, की आदराच्या रूपाने आरंभ करावा आणि जवळिकीचे रूप वापरण्याचा प्रस्ताव दुसऱ्याकडून येऊ द्यावा. जर्मनीत असा प्रस्ताव सामान्यतः वयाने मोठ्या व्यक्तीने मांडावयाचा असतो. तथापि सबंध युरोपला एकच नियम लागू नाही. स्वीडनमध्ये १९६० नंतरच्या दशकात जवळिकीचे ‘दू’ सार्वत्रिक झाले. १९६७ साली तेथील आरोग्यखात्याचे प्रमुख ब्रूर रेक्सेद ह्यांनी आपल्या सर्व सहकाऱ्यांना त्याच रूपाने संबोधण्याचे जाहीर केले, ही घटना त्या परिवर्तनाची खूण मानली जाते.

३. परिचित चिन्हे, अपरिचित अर्थ

यजमानाने पदार्थ पुढे केला असता अमेरिकन माणूस नुसते आभार मानतो, तेव्हा त्याचा अर्थ बहुधा स्वीकार असा होतो. जर्मन भाषेत अशा प्रसंगी नुसते ‘डांक’ म्हटले, तर तो नकार होतो. स्वीकारासाठी ‘बिट’ म्हणावे लागते. हा भेद न जाणणाऱ्या पाहुण्यासमोरून ताट परत जाते. अमेरिकेतील भोजनपत्रिकेवर ‘आंत्रे’ म्हणजे मुख्य पदार्थ. फ्रान्समध्ये तोच शब्द आरंभीच्या पदार्थाचा वाचक आहे. जर्मन भाषेत ‘गिफ्ट’ म्हणजे विष. नळावरील रोमन ‘सी’ हे अक्षर इंग्रजीत थंड पाण्याचे द्योतक असते. इटलीत ते ‘काल्दो’ ह्या, तर फ्रान्समध्ये ‘शो’ ह्या शब्दाचे आद्याक्षर असून त्याचा अर्थ गरम असा आहे. येथे अज्ञानाचे फळ हाताला तत्काळ मिळते.

संख्यांविषयीचे संकेतही असेच फसवे असतात. अमेरिकन प्रवासी महिना आधी लिहितो, युरोपीय माणूस दिवस आधी लिहितो. त्यामुळे ४ जुलैचे आरक्षण ७ एप्रिलचे होऊ शकते. अमेरिकेत जमिनीलगतचा मजला बहुधा पहिला गणला जातो. युरोपच्या बऱ्याच भागात, आपल्याकडील तळमजल्याप्रमाणेच, तो गणनेत धरला जात नाही.

सर्वांत रंजक उदाहरण वेळेचे आहे. जर्मन ‘हाल्ब द्राय’ ह्याचा शब्दशः अर्थ ‘अर्धे तीन’. अमेरिकन प्रवासी तो साडेतीन असा घेतो आणि भेटीला एक तास उशिरा पोहोचतो. कारण अभिप्रेत वेळ अडीच ही असते. तिसरा तास अर्धा भरला, अशी ही कल्पना आहे. मराठी ‘अडीच’ हा शब्द ‘अर्धतृतीय’ ह्या संस्कृत शब्दापासून प्राकृताच्या द्वारे आला असून त्यातही नेमकी हीच कल्पना आहे. ‘साडेतीन’ मधील ‘साडे’ मात्र ‘सार्ध’, म्हणजे ‘अर्ध्यासहित’, ह्यापासून आले आहे. मोजणीच्या ह्या दोन्ही रीती मराठीत शेजारी शेजारी नांदतात. इंग्रजीत मात्र दुसरीच रूढ आहे.

४. मौनाचा अर्थ

कित्येक संकेत शब्दांवाचूनच पाळले जातात. फ्रान्स, इटली आणि स्पेन ह्या देशांतील उपाहारगृहांत भोजन संपले तरी मागितल्याशिवाय बिल आणून देत नाहीत. ताटकळलेला अमेरिकन प्रवासी त्याला हेळसांड समजतो. वाढप्याच्या दृष्टीने मात्र, न मागता बिल पुढे ठेवणे म्हणजे पाहुण्याला उठण्यास सुचविणे होय. एकाच कृतीचा, किंबहुना कृतीच्या अभावाचा, एका समाजात दुर्लक्ष आणि दुसऱ्या समाजात आदर असा अर्थ होतो.

ह्या सर्व उदाहरणांत एक समान सूत्र आढळते. अमेरिकन सौजन्य परकेपणा लवकर पुसून टाकण्यात स्वतःला प्रकट करते. युरोपातील अनेक समाजांचे सौजन्य परकेपणाचा मान राखण्यात प्रकट होते. दोन्ही सौजन्येच होत. युरोपात आता अनेकांना इंग्रजी येते, म्हणून हा प्रश्न संपला असेही नाही; माणूस परकी भाषा बोलू लागला, तरी संकेत पुष्कळदा स्वतःच्या भाषेचेच पाळतो. यास्तव प्रवाशाने प्रत्येक देशासाठी चार गोष्टी तेवढ्या शिकून घ्याव्यात: अभिवादन, आदराचे सर्वनाम, स्वीकार व नकार ह्यांचे शब्द आणि वेळ सांगण्याची रीत. आणि कोणाचे वर्तन तुसडे वाटलेच, तर त्या माणसाविषयी मत बनविण्यापूर्वी आपल्याकडून कोणता शब्द राहून गेला, ह्याचा विचार करावा.