धूम्रपानमुक्ती : सल्ल्यापासून पाठपुराव्यापर्यंत

धूम्रपान ही केवळ वाईट सवय नसून निकोटिनमुळे जडणारे व्यसन आहे. त्यामुळे ‘सिगारेट सोडा’ एवढे सांगून आरोग्य व्यावसायिकाचे कर्तव्य संपत नाही. त्यासाठी पाच टप्प्यांची पद्धती सर्वमान्य आहे : प्रत्येक रुग्णास तंबाखूसेवनाविषयी विचारणे, ते सोडण्याचा स्पष्ट सल्ला देणे, त्याची मानसिक तयारी अजमावणे, प्रत्यक्ष साहाय्य करणे आणि पाठपुरावा ठरविणे.

महाराष्ट्रात हा प्रश्न केवळ विडी-सिगारेटपुरता मर्यादित ठेवून चालत नाही. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार राज्यातील ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करीत होते, तर २४.४ टक्के धूरविरहित तंबाखू सेवन करीत होते. विडी सोडणारा रुग्ण तंबाखू-चुन्याकडे वळला, तर निकोटिनचे व्यसन कायमच राहते.

तल्लफ, चिडचिड व निद्रानाश पहिल्या आठवड्यात सर्वाधिक तीव्र असतात. म्हणून ठरविलेल्या दिवसानंतर आठवडाभरातच रुग्णाशी संपर्क साधावा. आवश्यकतेनुसार निकोटिनयुक्त च्युइंगम द्यावे. तो पुन्हा धूम्रपान करू लागल्यास त्यास दोष देऊ नये. दोष दिल्यास तो पुढील भेटीत सत्य लपवितो आणि उपचाराची वाटच खुंटते. व्यसनमुक्तीपूर्वी अनेक प्रयत्न करावे लागणे स्वाभाविक आहे, हे प्रथम आरोग्य व्यावसायिकानेच स्वीकारले पाहिजे.