पुशरॉडच्या बाजूने

अमेरिकन मसल कार श्रेष्ठ की युरोपची वेगवान गाडी, या वादात मराठी वाचकाला पहिल्यापासून एकच बाजू ऐकवली गेली आहे. आमच्या पिढीने गाड्यांविषयी जे काही वाचलं ते इंग्लंडहून बोटीने येणाऱ्या साप्ताहिकांत, तेही महिन्या-दोन महिन्यांनी शिळं होऊन. त्या साप्ताहिकांच्या लेखी उत्तम मोटार म्हणजे वळणांचा रस्ता, हलकं स्टिअरिंग आणि सहा हजार फेऱ्यांवर गाणारं छोटं इंजिन. अमेरिकन गाडीला तिथे जागा मिळाली तर ती चेष्टेपुरती. आणि हे सगळं आम्ही मुंबईत बसून वाचत होतो! त्याच मुंबईत जनरल मोटर्सने १९२८ साली शिवडीला गाड्या जुळवायला सुरुवात केली होती आणि वालचंद हिराचंदांच्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज आणि प्लायमाउथ बाहेर काढल्या होत्या. पुढे सरकारी नियम आवळले, १९५४ मध्ये जनरल मोटर्सने गाशा गुंडाळला, आणि डेट्रॉइटला खरा बहर आला तेव्हा आपण फियाट अकराशेसाठी नंबर लावून बसलो होतो. मसल कार आपल्या रस्त्यावर उतरलीच नाही. तिच्याविषयीचं इंग्रजी मत मात्र पक्कं रुजलं.

माझी नोकरीची बहुतेक वर्षं मिशिगनमध्ये, इंजिनांच्या चाचणीत गेली. त्यामुळे मी तटस्थ नाही आणि तसा आवही आणणार नाही. परवाच एका जाणत्या लेखकाने लिहिलं की अमेरिकन व्ही-एट म्हणजे ‘ट्रकचं इंजिन’, त्यात इंजिनिअरिंग असं काही नाही. हे वाक्य मी गेली अनेक वर्षं वेगवेगळ्या लेखण्यांतून वाचतो आहे. त्याचं उत्तर एकदा सविस्तर द्यायचं आहे.

आधी इतिहास, पण झटपट. १९४९ ची ओल्ड्समोबिल रॉकेट ८८ ही पूर्वज म्हणावी. मग १९५५ ची क्रायस्लर ३००. खरी सुरुवात १९६४ च्या पॉन्टिअॅक जीटीओपासून. मधल्या आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांहून मोठं इंजिन घालायचं नाही, असा जनरल मोटर्सचा दंडक होता. जॉन डिलोरिअन, बिल कॉलिन्स आणि रस जी या पॉन्टिअॅकच्या तिघा इंजिनिअरांनी ३८९ घनइंचांचं, म्हणजे ६.४ लिटरचं इंजिन ‘टेम्पेस्ट’ मालिकेतल्या गाडीत ‘ऑप्शन’ म्हणून बसवलं. ऑप्शनला तो दंडक लागू नव्हता. नाव सरळ फेरारीकडून उचललं. मार्च १९६४ मध्ये ‘कार अँड ड्रायव्हर’ने दोन्ही जीटीओ मुखपृष्ठावर आणल्या. त्या अंकासाठी चालवून पाहिलेल्या पॉन्टिअॅकमध्ये प्रत्यक्षात ४२१ घनइंचांचं इंजिन होतं हे जिम वँगर्स या जाहिरातवाल्याने पुढे कबूल केलं. विरोधक हा किस्सा आवडीने सांगतात. पहिल्याच वर्षी बत्तीस हजारांवर गाड्या विकल्या गेल्या, हे सांगायचं ते विसरतात. फेरारीची मूळ २५० जीटीओ निघाली ती अवघी छत्तीस. मसल कारचं मोठेपण इथे आहे. गॅरेजात काम करणारा पोरगा हप्त्यावर ती घेऊ शकत होता.

मस्टँग, चार्जर, शेव्हेल, कमारो, रोड रनर यांची यादी वाचकाला पाठ आहे. ती मी परत लावत नाही.

युरोपने छोटं इंजिन का निवडलं, याबद्दल आपल्याकडे फार भाबडेपणाने लिहिलं जातं, जणू तिथल्या इंजिनिअरांना सौंदर्यदृष्टी जास्त होती. इंग्लंडमध्ये युद्धापूर्वीपासून १९४७ पर्यंत कर ठरायचा तो सिलिंडरच्या व्यासावर. म्हणून अरुंद सिलिंडर आणि लांब स्ट्रोक. फ्रान्सने १९५६ मध्ये मोठ्या इंजिनांवर जबर वार्षिक कर बसवला. इटलीत पुढे दोन लिटरच्या वर विक्रीकराचा दर इतका चढला की फेरारीलासुद्धा दोन लिटरची व्ही-एट काढावी लागली. त्यात पेट्रोल महाग. तेव्हा युरोपचं छोटं, वरच्या फेऱ्यांवर पळणारं इंजिन ही जितकी कलेची निवड, तितकीच करखात्याची सक्ती. त्या सक्तीतून त्यांनी जे साधलं ते मी मानतो. १९६३ ला फ्रँकफर्टमध्ये दाखवलेली पोर्शे ९११ दोन लिटरमध्ये १३० अश्वशक्ती द्यायची. फेरारीचं तीन लिटरचं व्ही-ट्वेल्व्ह तीनशेच्या आसपास. एका लिटरमागे किती अश्वशक्ती, हे माप त्यांचं, आणि त्या मापात ते जिंकणारच.

पण गाडीत लिटर बसवायचे नसतात, इंजिन बसवायचं असतं. ते किती लांब, किती रुंद, किती उंच आणि किती जड? मी चाचणीला उभं केलेलं प्रत्येक इंजिन आधी याच प्रश्नांवर तपासायचो.

पुशरॉड व्ही-एटमध्ये एकच कॅमशाफ्ट असतो, आणि तोही खाली, दोन रांगांच्या मधल्या खोबणीत. तिथून बारीक दांडे वर जातात, रॉकर हलवतात, रॉकर व्हॉल्व्ह उघडतात. हेडमध्ये कॅमशाफ्ट नाही, म्हणून हेड बुटकं. हेड बुटकं म्हणून इंजिन अरुंद आणि ठेंगणं. चार कॅमशाफ्टवाल्या व्ही-एटच्या डोक्यावरचा बोजा बघा आणि मग हे बघा. १९५५ साली एड कोलच्या हाताखाली शेव्हरोलेने जे ‘स्मॉल ब्लॉक’ काढलं, त्यात रॉकर ओतीव नव्हते. पत्र्याचे, दाबयंत्रावर ठोकलेले, प्रत्येक आपापल्या खुंटीवर. हलके, स्वस्त, आणि मिनिटाला सहा हजार फेऱ्या सहज झेलणारे. ओतकाम इतकं पातळ की पूर्ण इंजिन शेव्हरोलेच्या आधीच्या सहा सिलिंडरपेक्षाही हलकं भरलं. दोनच वर्षांत, २८३ घनइंचांतून २८३ अश्वशक्ती. याला इंजिनिअरिंग नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं? २०११ मध्ये या घराण्याचं दहा कोटीवं इंजिन तयार झालं.

आणि ही माझी एकट्याची भक्ती नाही. युरोपनेच कौल दिला आहे. हा भाग आपल्याकडच्या आढाव्यांत कधी येत नाही, म्हणून त्यावर मी रेंगाळणार आहे.

सिडनी अलार्डने लंडनमध्ये बांधलेल्या जे-टू गाडीत कॅडिलॅकचं व्ही-एट घातलं आणि १९५० च्या ल माँ शर्यतीत टॉम कोलबरोबर ती तिसरी आणली. फ्रान्सची सर्वांत देखणी गाडी फासेल वेगा. तिचं इंजिन क्रायस्लरचं. जानेवारी १९६० मध्ये लेखक आल्बेर काम्यूचा मृत्यू झाला तो याच गाडीत. मग कॅरोल शेल्बी. टेक्सासचा हा गडी १९५९ ला ॲस्टन मार्टिन चालवून ल माँ जिंकलेला, म्हणजे युरोपची गाडी त्याला कोणी शिकवायची गरज नव्हती. थेम्स डिटनच्या एसी कंपनीला ब्रिस्टलचं सहा सिलिंडरचं इंजिन मिळेनासं झालं, आणि शेल्बीने १९६२ मध्ये त्या नाजूक गाडीत फोर्डचं ४.२ लिटरचं व्ही-एट बसवलं. ती कोब्रा. तिच्यावर पीटर ब्रॉकने बंद छताची ‘डेटोना’ रचली आणि १९६५ ला जीटी गाड्यांचं जागतिक विजेतेपद फेरारीच्या हातून गेलं.

वेस्ट ब्रॉमिचची जेन्सन इंटरसेप्टर क्रायस्लरवर चालली. तिचीच बहीण एफएफ. चारही चाकांना ताकद आणि ब्रेक न अडकण्याची यंत्रणा एकत्र देणारी ती पहिली उत्पादित गाडी, आणि बॉनेटखाली तेच डेट्रॉइट. रोव्हरची गोष्ट तर मी प्रत्येक नव्या इंजिनिअरला सांगतो. रोव्हरचे विल्यम मार्टिन-हर्स्ट अमेरिकेत मर्क्युरी मरीनच्या बोटींच्या इंजिनांच्या कारखान्यात गेले असताना त्यांना ब्युइकचं साडेतीन लिटरचं, टाकून दिलेलं ॲल्युमिनिअमचं व्ही-एट दिसलं. वजन साधारण १४५ किलो. जनरल मोटर्सला ते ओतकामात परवडलं नव्हतं. १९६५ मध्ये रोव्हरने हक्क घेतले आणि ते इंजिन रेंज रोव्हर, मॉर्गन प्लस एट, एमजीबी अशा ‘अस्सल इंग्रज’ गाड्यांत एकविसाव्या शतकापर्यंत चाललं. त्याच घराण्यातल्या ओल्ड्समोबिलच्या ब्लॉकवर रेप्कोने शर्यतीचं इंजिन बांधलं आणि जॅक ब्रॅबम १९६६ चा फॉर्म्युला वन जगज्जेता झाला.

आणि बिझारिनी. फेरारी २५० जीटीओच्या जडणघडणीत ज्याचा हात होता तो जिओतो बिझारिनी, १९६१ मध्ये फेरारीतून बाहेर पडलेला. लॅम्बोर्गिनीचं पहिलं व्ही-ट्वेल्व्ह त्यानेच आखलं. चार कॅमशाफ्टचं बारा सिलिंडरी इंजिन कोऱ्या कागदावर काढू शकणारा माणूस! त्याने रेंझो रिव्होल्टासाठी इझो ग्रिफो बांधली ती शेव्हरोलेच्या ३२७ घनइंची पुशरॉडभोवती. आणि स्वतःच्या नावाने गाडी काढली तेव्हाही तेच इंजिन घेतलं. ‘ट्रकचं इंजिन’ म्हणणाऱ्यांनी बिझारिनीपेक्षा आपल्याला जास्त कळतं का, हे आधी सांगावं.

ल माँमधल्या फोर्डबद्दल चित्रपटामुळे आता सगळ्यांना माहीत आहे, पण चित्रपट १९६६ पाशी थांबतो. फोर्ड जीटी-४० घराणं १९६६ ते १९६९ सलग चार वर्षं जिंकलं, पहिली दोन वर्षं सात लिटरने, नियम बदलल्यावर पुढची दोन पाच लिटरच्या आतल्या इंजिनाने, आणि चारही वेळा पुशरॉड. डिअरबॉर्नच्या चाचणीघरात सात लिटरचं इंजिन गिअरबॉक्ससकट डायनॅमोमीटरवर चढवून ल माँच्या फेऱ्या, गिअर बदलण्यासकट, तासन्‌तास चालवल्या जात. पुढे मी त्याच शहराच्या आसपास तेच काम केलं, त्यामुळे त्या खोलीतला उकाडा आणि कान बधिर करणारा आवाज मला कल्पनेने रंगवावा लागत नाही.

आता आक्षेप. ड्रम ब्रेक वाईट होते, अगदी वाईट. ताशी शंभर मैलांवरून दोनदा थांबवलं की तिसऱ्यांदा पेडल नुसतं खाली जायचं. जॅग्वारने १९५३ ला डिस्क ब्रेकवर ल माँ जिंकलं होतं, आणि डेट्रॉइट दहा वर्षांनंतरही ड्रम विकत होतं. याला सबब नाही. पण ‘वळता येत नाही’ हे खोटं. १९६४ च्या माँटे कार्लो रॅलीत बर्फाच्या घाटांत मिनी कूपरच्या मागे दुसरी आली ती बो युंगफेल्टची व्ही-एट फोर्ड फाल्कन, आणि तीही इंजिनाच्या आकारानुसार गुण कापणाऱ्या नियमाखाली. त्याच वर्षी टूर द फ्रान्समध्ये टूरिंग गटात पहिल्या दोन गाड्या मस्टँग. मार्क डोनह्यूने १९६८ आणि १९६९ मध्ये कमारोवर ट्रान्स-ॲम मालिका जिंकली ती वळणांच्या ट्रॅकवर.

अश्वशक्तीचे आकडे फुगवलेले होते हेही खरं, पण पूर्ण सांगा. ते ‘ग्रॉस’ आकडे. पंखा, सायलेन्सर काढून मोजलेले. १९७१ च्या कॉर्व्हेटच्या एलटी-१ इंजिनाला कंपनीनेच ३३० ग्रॉस आणि २७५ नेट असे दोन्ही आकडे दिले होते. जॅग्वार ई-टाइपचे गाजलेले २६५ सुद्धा ग्रॉसच. तो हिशेब मात्र कोणी करत नाही.

मसल कारच्या शेवटाची कारणं सर्वांना ठाऊक आहेत. १९७० चा हवा शुद्धतेचा कायदा, तरुणांच्या विम्याचे भडकलेले हप्ते, ऑक्टोबर १९७३ चा तेलाचा बहिष्कार. मी पोचलो तेव्हा वुडवर्ड अव्हेन्यूवर दहा वर्षं जुन्या जीटीओ गंजत उभ्या असत, आणि शिफ्ट संपलेले कामगार शनिवारी रात्री त्या एका सिग्नलपासून दुसऱ्यापर्यंत पळवत. आमच्या विभागात एक पोलिश फोरमन होता. चालू इंजिनाजवळ कान नेऊन कोणत्या सिलिंडरचा रॉकर सैल आहे ते तो सांगायचा, आणि कव्हर काढल्यावर तोच निघायचा. अशी माणसं निवृत्त झाली आणि त्यांची विद्या कोणी उतरवून घेतली नाही, याचं मला पॉन्टिअॅक बंद पडल्यापेक्षा जास्त दुःख आहे.

आज काय आहे? २०२३ च्या डिसेंबरमध्ये कमारो थांबली, त्याच महिन्यात जुनी चॅलेंजरही. नवी चार्जर विजेवर आली, आणि तिच्यात कृत्रिम आवाजाची सोय करावी लागली. युरोपनेही काही वेगळं केलं नाही. मर्सिडीजच्या एएमजीने सी-६३ मध्ये व्ही-एट काढून चार सिलिंडर आणि बॅटरी बसवली. विजेची गाडी या सगळ्यांपेक्षा वेगवान आहे, मान्य. पण आमच्याकडे परीक्षणं लिहिणारी तरुण मंडळी शंभरला किती सेकंद एवढंच लिहून थांबतात. बॉनेट उघडलेलं त्यांच्या लिखाणात मला दिसत नाही. कॉर्व्हेट मात्र इंजिन पाठीमागे गेल्यावरही २०२० मध्ये ६.२ लिटरचं पुशरॉडच घेऊन आली, आणि पोर्शेच्या निम्म्या किमतीत पोर्शेच्या बरोबरीने पळाली.

डेट्रॉइटच्या परिसरात आता मराठी घरं पुष्कळ आहेत. ज्यांची मुलं-सुना, भाचे तिथे आहेत त्यांनी पुढचा मुक्काम ऑगस्टमध्ये ठेवावा. तिसऱ्या शनिवारी वुडवर्डवर ‘ड्रीम क्रूझ’ असते. तिथे मालकाला विचारलं तर तो आनंदाने बॉनेट उघडून दाखवतो. मग डिअरबॉर्नच्या हेन्री फोर्ड म्युझिअममध्ये जाऊन १९६७ ची ल माँ जिंकलेली लाल मार्क फोर बघा, आणि नातवंडांना बरोबर न्या.