पुढचा कुत्रा : शोक, निवड आणि शोपेनहौअरचा पूडल

(व्याख्यानाचे शब्दांकन)



विषय जाहीर झाल्यावर दोन जुन्या विद्यार्थ्यांचे फोन आले. एकाने विचारलं, "सर, कुत्र्यावर व्याख्यान? तेही तुम्ही?" दुसऱ्याने काहीच विचारलं नाही. त्याच्या घरचा कुत्रा गेल्याला तीन आठवडे झाले होते. आजचं बोलणं मुख्यतः त्या दुसऱ्यासाठी आहे. पहिल्याने बसायला हरकत नाही.

घरातला कुत्रा जातो. दहा-बारा वर्षं दाराशी उभं राहणारं कुणीतरी एक दिवस नसतं. मग काही दिवसांनी, कधी काही तासांतच, कुणीतरी म्हणतं, "दुसरा आणा ना." म्हणणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण ऐकणाऱ्याला ते लागतं. का लागतं? बाई घरात कप फुटला तर "दुसरा आणू" म्हणतात, तेव्हा कुणाला लागत नाही. इथे लागतं, कारण 'दुसरा' या शब्दात 'बदली' हा अर्थ लपलेला असतो. आपण म्हणतो, 'त्याची जागा कोण घेणार'. आता हा 'जागा' शब्द बघा. नोकरीची जागा भरतात, जाहिरात देऊन भरतात. बसमध्ये जागा धरतात, रुमाल टाकून. आणि तो ज्या कोपऱ्यात, चपलांच्या शेजारी झोपायचा, तीही त्याची जागा. पहिल्या प्रकारची जागा कुणीही पात्र उमेदवार भरू शकतो. शेवटच्या प्रकारची जागा भरता येते का, हा आजचा प्रश्न.

एका तत्त्वज्ञाने याचं उत्तर ठामपणे 'हो' असं दिलं होतं आणि तो तसं जगलाही. आर्थर शोपेनहौअर. उपनिषदं त्याच्या उशाशी असत, हे आपण आधीच्या एका व्याख्यानात पाहिलं. हा माणूस फ्रँकफुर्टमध्ये एकटा राहायचा, माणसांशी त्याचं फारसं पटायचं नाही, आणि त्याच्याजवळ नेहमी एक पूडल जातीचा कुत्रा असे. एक गेला की दुसरा. आणि प्रत्येकाचं नाव एकच, 'आत्मा'. आपला संस्कृत आत्मा! पांढरा आत्मा गेला, तपकिरी आला, तोही आत्माच.

गंमत म्हणून सोडून देऊ नका, यामागे सिद्धांत आहे. त्याच्या मुख्य ग्रंथाचा दुसरा खंड १८४४ साली आला. त्यात मृत्यूवरच्या प्रकरणात तो अशा आशयाचं लिहितो की अंगणात आज खेळणारं मांजर म्हणजे तीनशे वर्षांपूर्वी तिथेच उड्या मारणारं मांजर आहे, असं म्हटलं तर लोक मला वेडा समजतील. पण ते पूर्णपणे वेगळं आहे असं मानणं हा त्याहून मोठा वेडेपणा. व्यक्ती येते-जाते, जातीचं सत्त्व टिकतं. हे खरं धरलं तर शोक करायचं कारणच उरत नाही. पूडल मेलेलाच नाही. त्याने कोट बदलला एवढंच.

मला हे पटत नाही. का, ते आपल्याच नैयायिकांच्या मदतीने सांगतो.

न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात एक वाद आहे : शब्दाचा अर्थ काय? 'गाय' म्हटल्यावर नेमकं कशाचं ज्ञान होतं? तीन उमेदवार आहेत. व्यक्ती, म्हणजे ही समोरची गाय. आकृती, म्हणजे तिची ठेवण, अवयवांची रचना. आणि जाती, म्हणजे गोत्व. सूत्रकार म्हणतात, तिन्ही. प्रसंगाप्रमाणे एक पुढे येतं, बाकीची मागे राहतात. 'गाय बांधून ये' म्हटलं की व्यक्ती पुढे. 'गाय रवंथ करते' म्हटलं की जाती.

हीच चाळणी 'मला कुत्रा हवा' या वाक्याला लावा. घरात पुन्हा पावलांचा आवाज हवा, सकाळी फिरायला सोबत हवी, ही जातीविषयी इच्छा. ती पुरी होऊ शकते आणि तिच्यात काही गैर नाही. 'मला तोच हवा' ही व्यक्तीविषयी इच्छा. ती पुरी होणार नाही, आणि ते आपल्याला मनातून माहीत असतं. फसवते ती मधली, आकृती. 'तसाच हवा. तसाच तांबूस, एक कान पडलेला.' लोक तीच जात, तोच रंग, तेच लिंग शोधत शंभर किलोमीटर जातात. घरी येतं ते आकृतीने सारखं आणि व्यक्ती म्हणून निराळं पिल्लू. मग रोज तुलना. तो चप्पल चावत नव्हता, हा चावतो. तो फटाक्यांना भीत नव्हता, हा पलंगाखाली जातो. त्या बिचाऱ्याला एका अशा परीक्षेला बसवलंय जिचा पेपर त्याला कधीच दाखवलेला नाही.

आता कुणी म्हणेल, विज्ञान पुढे गेलंय, क्लोन करा. २००५ साली दक्षिण कोरियात सोल राष्ट्रीय विद्यापीठात 'स्नपी' नावाचा पहिला क्लोन कुत्रा जन्मला, अफगाण हाउंड. पुढे पैसे घेऊन पाळीव कुत्र्याचा क्लोन करून देणारे व्यवसायही निघाले. पण त्याआधी, २००१ च्या डिसेंबरात, अमेरिकेत टेक्सासमध्ये पहिली क्लोन मांजर जन्मली, ती बघा. मूळ मांजर तिरंगी होती : पांढरा, काळा, नारिंगी. क्लोनच्या अंगावर नारिंगी उतरलाच नाही. कारण मांजरीत नारिंगी-काळ्याची वाटणी गर्भात, पेशीपेशीत कुठलं एक्स गुणसूत्र गप्प बसतं यावर ठरते, आणि हा हिशोब क्लोनमध्ये जसाच्या तसा उतरत नाही. म्हणजे जनुकं तीच असून आकृतीसुद्धा हाती लागली नाही. व्यक्ती तर दूरच राहिली, कारण व्यक्ती घडते ती सहवासातून : तुमच्या जिन्याच्या आवाजातून, तुम्ही चोरून दिलेल्या पोळीच्या तुकड्यातून.

मग थांबायचं किती? इथे सिग्मंड फ्रॉइडची आठवण काढतो. १९१७ च्या त्याच्या प्रसिद्ध निबंधात शोक हे एक काम आहे अशी मांडणी येते. गेलेल्यात गुंतलेलं मन धाग्याधाग्याने सोडवून घ्यायचं, ते संपलं की ते नव्याने गुंतायला मोकळं. हे तरुणपणी आपण शिकवतो तेव्हा फार नीटनेटकं वाटतं. पण त्याच फ्रॉइडने १९२९ मध्ये, स्वतःची मुलगी जाऊन नऊ वर्षं झाल्यावर, मुलगा गमावलेल्या एका मित्राला पत्र लिहिलं. त्यातला सूर वेगळा आहे : ती पोकळी भरत नाही, भरली तरी जे येतं ते वेगळंच असतं, आणि तसंच असावं. त्याच वर्षी त्याची पहिली चाऊ जातीची कुत्री हरवली आणि रेल्वेखाली मेली. काही महिने त्याने स्वतःसाठी दुसरा कुत्रा आणला नाही. मग जोफी आली, तीही चाऊ. पण नाव नवीन. आणि पुढची सात वर्षं ती रुग्णांच्या तासांनाही खोलीत बसून असायची. शोपेनहौअरपेक्षा इथे फ्रॉइडचं मला जास्त पटतं.

महिने मोजून उत्तर मिळत नाही. मी एक साधी खूण सुचवतो. नव्या कुत्र्याची कल्पना करताना तुम्हाला जुन्याचंच तोंड दिसतं का? दिसत असेल तर थोडं थांबा. एखादं अनोळखी तोंड दिसायला लागलं, किंवा रस्त्यावरच्या एखाद्या कुत्र्याकडे तो आपल्यासारखा दिसतो का हे न बघता नुसतं बघता आलं, तर हरकत नाही. घरातल्या सगळ्यांची ही वेळ एकच येत नाही, हेही खरं. आमचा मोत्या जाऊन आठ महिने झाले. माझी पत्नी चौथ्या महिन्यातच म्हणाली की घर ओकंबोकं झालंय. मी अजून संध्याकाळी सहाला उगाच उठून उभा राहतो. नातू सात वर्षांचा आहे, त्याला 'मोत्याच' हवा. त्याला आम्ही सांगितलं, मोत्या मेला. 'शेतावर पाठवला' असं सांगितलं नाही. मुलांशी असं खोटं बोलणारी माणसं मुलांना सांभाळत नसतात, स्वतःला सांभाळत असतात.

आपल्या परंपरेत या प्रश्नावर दोन गोष्टी समोरासमोर उभ्या आहेत. एक जडभरताची, भागवताच्या पाचव्या स्कंधातली. राज्य सोडून वनात गेलेला राजा नदीत पडलेलं हरणाचं पाडस वाचवतो, त्यात इतका गुंततो की मरताना त्याचंच ध्यान, आणि पुढचा जन्म हरणाचा. कीर्तनकार हिचा अर्थ 'प्राण्यात जीव लावू नका' असा सांगतात. दुसरी महाप्रस्थानिक पर्वातली. द्रौपदी पडली, चारही भाऊ पडले, युधिष्ठिराबरोबर एक कुत्रा तेवढा उरला. इंद्र रथ घेऊन येतो, म्हणतो, कुत्र्याला सोड आणि चल. युधिष्ठिर नाही म्हणतो. स्वर्ग नको, पण आश्रयाला आलेल्याला सोडणार नाही.

या दुसऱ्या गोष्टीत एक बारीक जागा आहे. त्या कुत्र्याला नाव नाही. तो हस्तिनापुरातून मागे लागलेला आहे, युधिष्ठिराने तो निवडलेला नाही, त्याच्याशी जुनं प्रेमही नाही. तरी कर्तव्य पुरं आहे. म्हणजे प्रेम आधी आणि जबाबदारी नंतर, हा क्रम आवश्यक नाही. हे मला फार दिलासा देणारं वाटतं. नव्या कुत्र्यावर पहिल्या दिवशी प्रेम वाटलंच पाहिजे, असं नाही. खायला घाला, फिरवा, लस द्या. बाकीचं आलं तर येईल, आणि बहुधा येतं.

आता निवड. प्रश्न 'मला कुठला आवडतो' असा न विचारता 'मी कुणाची जबाबदारी शेवटपर्यंत घेऊ शकतो' असा विचारा. माझंच गणित मांडतो. मी चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे. लॅब्रॅडॉरचं आयुष्य साधारण दहा-बारा वर्षं, लहान जातींचं चौदा-पंधरापर्यंत. आज पिल्लू आणलं तर तो म्हातारा होईल तेव्हा मी शहाऐंशीचा. तीस किलोच्या कुत्र्याला उचलून दवाखान्यात कोण नेणार? म्हणून आमच्या घरी सहा-सात वर्षांचा, कुणी सोडून दिलेला किंवा आश्रयगृहातला कुत्रा आणायचा विचार चाललाय. मुलीला विचारून ठेवलंय की आम्ही नसलो तर तो तुझा. तिने 'बाबा, असं काय बोलता' म्हटलं. मी म्हटलं, हो की नाही ते सांग. शोपेनहौअरने मृत्युपत्रात पूडलची सोय लिहून ठेवली होती. सिद्धांतात व्यक्ती खरी नाही म्हणणारा माणूस, पण मृत्युपत्र केलं ते त्या एका कुत्र्यासाठी!

मोठा कुत्रा घेण्यात आणखी एक फायदा असा की त्याचा स्वभाव बराचसा समोर असतो. पिल्लांना शिट्टी वाजवून, उताणं धरून ज्या परीक्षा घेतात, त्यांवरून मोठेपणीच्या स्वभावाचं भाकीत भरवशाचं नसतं. पिल्लूच घेणार असाल तर आठ आठवड्यांच्या आतलं घेऊ नका. आपल्याकडे २०१७ च्या नियमांनुसार तसं विकताही येत नाही. त्याच्या आईला बघितल्याशिवाय घेऊ नका. स्कॉट आणि फुलर यांनी १९६५ च्या ग्रंथात दाखवलं की साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लू जगाशी ओळख करून घेतं. त्या काळात पिंजऱ्यात कोंडलेलं पिल्लू पुढे भित्रं निघण्याचा संभव मोठा.

जातीविषयी मी स्पष्ट बोलतो. परभणी-नांदेडच्या उन्हात हस्की किंवा सेंट बर्नार्ड पाळणं हा छळ आहे, भले घरात एसी असो. वीज जाते. पगला एका मोबाईल कंपनीच्या जाहिरातीने घरोघर पोचवलं; त्या चपट्या नाकाने त्याला उन्हाळ्यात धड धापही टाकता येत नाही. आणि आपल्या दारातला गावठी कुत्रा काटक, हुशार, या हवेत रुळलेला असतो, तरी 'जात कुठली' विचारल्यावर आपण खाली बघतो. कुत्र्यातही हा प्रश्न आपण सोडत नाही.

एक वैद्यकीय गोष्ट. आधीचा कुत्रा पार्वोने गेला असेल तर घाई अजिबात नको. तो विषाणू अंगणात, फटींत महिनोन्‌महिने टिकतो, फिनाईलने जाईलच असं नाही. फरशी आधी धुऊन मग ब्लीचच्या द्रावणाने पुसावी लागते, आणि मातीचं अंगण तसं पुसता येत नाही. अशा घरी लसी पूर्ण न झालेलं पिल्लू आणू नये. पशुवैद्याला विचारूनच ठरवा.

तीन चिठ्ठ्या आल्यात. पहिली, 'जुनंच नाव ठेवलं तर?' कायद्याने बंदी नाही. पण हाक मारताना तुम्ही कुणाला हाक मारताय ते घरातल्या प्रत्येकाला कळतं. नवं ठेवा. आश्रयगृहातून आलेल्या मोठ्या कुत्र्याला आधीचं नाव असेल आणि तो त्याला ओ देत असेल, तर तेच राहू द्या.

दुसरी, 'घरात म्हातारा कुत्रा आहे, तो असतानाच पिल्लू आणावं का?' म्हाताऱ्याचे सांधे दुखत असतील तर पिल्लाचा धुडगूस त्याला सोसत नाही. आणायचंच असेल तर पहिली भेट घराबाहेर, मोकळ्या जागेत घडवा. घरात म्हाताऱ्याला एक खोली अशी ठेवा जिथे पिल्लू जाणार नाही, आणि खायला आधी त्याला.

तिसरी, 'जुना वाडगा आणि पट्टा वापरावा का?' स्टीलचा वाडगा गरम पाण्याने, साबणाने घासून खुशाल वापरा. मात्र आधीचा पार्वोने गेला असेल तर ब्लीचमध्ये बुडवून, स्वच्छ धुऊन मगच. गळ्याचा पट्टा नवीन घ्या, मापाचा, आतून दोन बोटं सहज जातील इतका सैल, आणि त्यावर तुमचा फोन नंबर कोरून घ्या. पहिल्या काही आठवड्यांत नवा कुत्रा दार उघडं दिसलं की पळतो; त्याला अजून हे घर आपलं आहे हे माहीत नसतं.