दाते किती, यापेक्षा दाते कसे

सोलापूर म्हटले की बाहेरच्यांना चादर आठवते. मला आठवतो तो सागवानाचा भुसा! आमचे अण्णा हातमागांची लाकडी कामे करीत. उरल्या वेळात त्यांनी आईसाठी एक कपाट केले होते, त्याचा खण यंदा पावसाळ्यात निखळला. अण्णांनी ऐंशी ओलांडली आहे, हात कापतो. तेव्हा नवा खण मी करावा, आणि तोही टेबलाच्या गोल करवतीवर, असे ठरले.

सांधा मात्र डव्हटेलचाच हवा. कबुतराच्या शेपटीसारखा टोकाकडे रुंद होत जाणारा हा सांधा; खण कितीही ओढा, सुटायचा नाही.

मी साठ दात्यांचे महागडे पाते आणले. दाते जास्त तेवढी सफाई जास्त, हा माझा हिशेब! फळी उभी धरून कापली, तर लाकूड करपून काळे पडले. शिवाय शेपटीच्या मुळाशी, कोपऱ्यात, एक तिकोनी कपची तशीच राहिली.

"अरे, दाते मोजतोस काय?" अण्णा म्हणाले. "फळी उभी आहे, म्हणजे तू रेषेबरोबर चिरतो आहेस. आडवे कापायची करवत इथे काय करणार?"

खरेच की! उभ्या चिरेला दाते थोडे आणि मधल्या खाचा खोल हव्यात, म्हणजे भुसा बाहेर पडतो. दहा इंची पात्याला चोवीस दाते पुरतात.

कोपऱ्याचे कोडे निराळे. नेहमीच्या पात्याचे दाते एकाआड एक डावीउजवीकडे उतरते असतात. चिरेचा तळ सपाट येत नाही. त्यात शेपटीसाठी पाते कलते करावे लागते. सागवानासारख्या लाकडाला आठास एक, म्हणजे सुमारे ७ अंश. मऊ लाकडाला सहास एक. पाते कलले की सपाट माथ्याचा दातासुद्धा कोपरा सोडतो. उपाय एकच : सर्व दात्यांचे माथे एकाच बाजूला, तेवढ्याच अंशांनी घासून घ्यायचे. मग पाते कलले की माथे टेबलाशी समांतर येतात. कार्बाइडच्या दात्यांना कानस लागत नाही, हिऱ्याचे चाक लागते. आपले यंत्र कोणत्या बाजूला कलते हे धार लावणाऱ्याला लिहून द्यावे. मी तोंडी सांगितले, आणि पहिले पाते उलट्या उताराचे होऊन आले! असो.

बाजूच्या फळ्या झकास उतरल्या. दर्शनी फळीत मात्र सांधा समोरून दिसू द्यायचा नसतो, आणि गोल पाते तर आरपार जाते. ती फळी अण्णांनी मुकाट्याने स्वतःकडे ओढली, पटाशी मागितली. दोन दिवस लागले. मध्ये कोणी बोललेले त्यांना चालले नाही.

खण बसला. आईने तो एकदा ओढला, लोटला, आणि आत किल्ल्या टाकून चहा टाकायला गेली.