पीएच.डी.साठी मॅकबुक घ्यावं की साधा लॅपटॉप?



नेट-सेट, गेटचे निकाल लागले आणि पीएच.डी.च्या मुलाखती सुरू झाल्या की एक प्रश्न हमखास येतो: "मॅकबुक घेऊ की साधा विंडोजचा लॅपटॉप?" यंदा तो मी राहते त्या घणसोली गावातूनच आला. एम.एस्सी. झालेली मुलगी, प्रवेश पक्का झालाय, आणि मॅकबुकसाठी वडील मुदत ठेव मोडायला तयार आहेत. म्हणून म्हटलं, एकदा नीट सविस्तर लिहूनच टाकूया.

सकाळी घणसोली स्टेशनला उतरणाऱ्या कंपनीवाल्यांच्या पाठीवर जो लॅपटॉप असतो, तो बहुतेक वेळा कंपनीने दिलेला असतो. तुमचा मात्र तुम्हालाच घ्यायचा आहे. त्यामुळे "कुठला भारी?" हा प्रश्न बाजूला ठेवा आणि "माझं काम नक्की कुठे चालणार?" असं विचारा. त्याचं उत्तर मिळालं की ब्रँडचा प्रश्न निम्मा सुटतो.

आधी पैशाचं गणित

एम4 चिपचं मॅकबुक एअर मार्च 2025 मध्ये भारतात आलं, तेव्हा त्याची सुरुवातीची किंमत 99,900 रुपये होती आणि विद्यार्थ्यांसाठी 89,900. जेआरएफची रक्कम 1 जानेवारी 2023 पासून महिना 37,000 रुपये आहे. म्हणजे मूळ किमतीचा हिशेब केला तर जवळजवळ पावणेतीन महिन्यांची फेलोशिप. युजीसीच्या जेआरएफला विज्ञान शाखेत पहिली दोन वर्षं आकस्मिक खर्चासाठी वर्षाला 12,000 रुपये मिळतात, त्यात रसायनं, प्रवास, छपाई सगळंच आलं. त्यातून लॅपटॉप निघणार नाही. शिवाय प्रवेश घेतला की दुसऱ्याच महिन्यात फेलोशिप खात्यात पडते असं समजू नका. कागदपत्रं, पडताळणी, सह्या यात वेळ जातो. बार्टी, सारथी, महाज्योतीची वाट पाहणाऱ्यांनी तर हे आधीच धरून चालावं.

दुसरी बाजूही बघू. 99,900 रुपयांचं यंत्र पाच वर्षं चाललं तर महिन्याला 1,665 रुपये पडतात. 60,000 चा लॅपटॉप पाच वर्षं चालला तर महिन्याला 1,000. फरक 665 रुपयांचा. वर मॅक विकताना किंमतही बरी येते. म्हणजे मॅक घेणारा वेडा नाही. अडचण अशी आहे की ते 665 रुपये महिन्याला द्यायचे नसतात. सगळी रक्कम पहिल्याच दिवशी, फेलोशिप यायच्या आधी काढावी लागते.

काम कुठे चालतं?

जगातल्या सर्वात वेगवान 500 महासंगणकांची यादी वर्षातून दोनदा निघते. नोव्हेंबर 2017 पासून त्या यादीतले सगळेच्या सगळे 500 संगणक लिनक्सवर चालतात. आपल्याकडे पुण्याच्या आयसरमधला परम ब्रह्म घ्या किंवा सप्टेंबर 2024 मध्ये राष्ट्राला अर्पण झालेले परम रुद्र घ्या. त्यातला एक नारायणगावजवळच्या जीएमआरटी दुर्बिणीच्या कामासाठी आहे. अशा यंत्रावर काम करताना तुमचा लॅपटॉप फक्त खिडकी असतो. तुम्ही एसएसएचने आत शिरता, जॉब रांगेत लावता आणि झोपायला जाता. आकडेमोड तिकडे होते. त्या खिडकीसाठी लाख रुपये मोजायची गरज नाही.

मॅकवर मोठी आकडेमोड होतच नाही, असं मात्र नाही. 2003 मध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठाने अ‍ॅपलचे 1,100 पॉवर मॅक जी5 जोडून महासंगणक उभा केला आणि तो त्या यादीत थेट तिसऱ्या क्रमांकावर गेला. पण आज संशोधनातली जड कामं लिनक्सवर स्थिरावली आहेत, आणि तुम्हाला ज्यावर काम करायचंय ते हे आजचं जग आहे.

मॅकचं खरं बळ

नोव्हेंबर 2020 मध्ये अ‍ॅपलने इंटेलची चिप सोडून स्वतःची एम1 आणली. कमी विजेत जास्त काम हा तिचा मोठा गुण. एअरला पंखाच नाही, आणि बॅटरी 18 तासांपर्यंत चालते असा कंपनीचा दावा आहे. तो अर्धा खरा धरला तरी ग्रंथालयात दिवस निघतो. मॅकओएस युनिक्सच्या घराण्यातली असल्यामुळे टर्मिनल, एसएसएच, पायथन, लाटेक हे सगळं सरळ चालतं. विंडोजवर हीच सोय डब्ल्यूएसएलमधून होते. एकदा बसवलं की विंडोजच्या आतच उबुंटू चालतं. त्यामुळे "कोडिंगसाठी मॅकच लागतो" हे आता खरं नाही.

गाडी कुठे अडते?

तीन ठिकाणी.

पहिलं, उपकरणांचं सॉफ्टवेअर. एक्सआरडी, स्पेक्ट्रोमीटर, सूक्ष्मदर्शक अशा यंत्रांबरोबर येणारे प्रोग्रॅम बहुतांश विंडोजचे असतात. आलेख काढायला प्रयोगशाळांमध्ये सर्रास वापरलं जाणारं ओरिजिन विंडोजचंच. भूगोल-पर्यावरणवाल्यांचं आर्कजीआयएस प्रोही विंडोजचंच. इंटेलच्या मॅकवर बूट कॅम्पने विंडोज थेट टाकता यायचं, एम मालिकेत ते बंद झालं. पॅरेलल्ससारख्या प्रोग्रॅममधून विंडोज चालतं, पण ते एआरएमवालं विंडोज. त्यात यंत्राचा जुना ड्रायव्हर चालेलच याची खात्री नाही.

दुसरं, डीप लर्निंग. या क्षेत्रातला बराचसा कोड एनव्हिडियाच्या कुडावर लिहिलेला असतो, आणि आजच्या मॅकवर कुडा चालत नाही. पायटॉर्चने 2022 पासून मॅकच्या जीपीयूसाठी सोय दिली आहे. शिकायला, छोटे प्रयोग करायला ती पुरते. पण दुसऱ्याचा शोधनिबंध वाचून त्याचा कोड जसाच्या तसा चालवायचा असेल तर अडखळायला होतं.

तिसरं, जुनी पॅकेजेस. इंटेलसाठी बनलेले प्रोग्रॅम नव्या मॅकवर रोझेटा 2 या दुभाष्यामुळे चालतात. ही सोय मॅकओएस 27 नंतर बरीचशी बंद होणार, असं अ‍ॅपलने जाहीर केलं आहे. तसंच, इंटेल मॅकना चालणारी शेवटची मॅकओएस म्हणजे 2025 ची टाहो. त्यामुळे स्वस्तात मिळतोय म्हणून जुना इंटेलचा मॅक घेऊ नका.

लोगोपेक्षा रॅम बघा

एक उदाहरण करून बघू. माणसात प्रथिनं बनवणारे साधारण 20,000 जनुक आहेत. प्रत्येक जनुकाचा प्रत्येकाशी सहसंबंध काढायचा तर 20,000 गुणिले 20,000, म्हणजे 40 कोटी आकडे. एका आकड्याला 8 बाइट धरले तर 3.2 जीबी. प्रोग्रॅम मधल्या पायऱ्यांसाठी या तक्त्याच्या आणखी दोन प्रती करतो, झाले जवळजवळ 10 जीबी. 8 जीबीचं यंत्र इथेच धापा टाकायला लागतं, मग मागे सफरचंद असो नाहीतर आणखी काही.

म्हणून 16 जीबी ही किमान मर्यादा धरा. मॅकमध्ये रॅम चिपबरोबरच पक्की बसवलेली असते, नंतर वाढवता येत नाही. साध्या लॅपटॉपमध्ये बऱ्याचदा वाढवता येते, पण सगळ्यांत नाही. पातळ मॉडेलमध्ये तीही झाळलेली असते. दुकानात आधी तेच विचारा.

आणि बिघडला तर?

जुलैमधली ट्रान्स हार्बर लोकल डोळ्यांसमोर आणा. गर्दी, छत्र्या, ओल्या बॅगा. लॅपटॉपमध्ये पाणी जायला एवढं पुरेसं आहे. साध्या लॅपटॉपमध्ये एसएसडी अनेकदा वेगळी काढता येते. बोर्ड जळला तरी ती केसिंगमध्ये घालून डेटा वाचवता येतो (बिटलॉकर सुरू असेल तर त्याची किल्ली आधीच लिहून ठेवा). मॅकबुकमध्ये साठवण बोर्डावरच असते आणि चिपशी कुलूपबंद असते. बोर्ड गेला तर डेटाही गेला असंच समजायचं.

थिसिसचा डेटा पुन्हा विकत मिळत नाही. म्हणून कुठलंही यंत्र घ्या, पण बजेटमधून बाहेरच्या हार्डडिस्कचे पैसे आधी बाजूला काढा. तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, एक प्रत दुसऱ्या जागी. हा नियम मॅकवाल्यालाही लागू आणि विंडोजवाल्यालाही.

मग घ्यायचं काय?

घेण्याआधी गाइडला आणि लॅबमधल्या सीनियरना पाच प्रश्न विचारा:

1. लॅबमध्ये रोज कुठली सॉफ्टवेअर लागतात? त्यातली कुठली फक्त विंडोजवर चालतात?
2. जड आकडेमोड कुठे होते? लॅबचा सर्व्हर आहे का, महासंगणकावर खातं मिळतं का?
3. लॅबमध्ये बसायला डेस्कटॉप मिळणार आहे का?
4. प्रोजेक्टच्या अनुदानातून यंत्र घेता येईल का? (ते संस्थेचं राहतं, जाताना परत करावं लागतं.)
5. बाकीचे काय वापरतात? रात्री अकराला काही अडलं तर मदत त्यांचीच मिळणार.

माझं मत विचाराल तर: काम प्रयोगशाळेतल्या यंत्रांशी बांधलेलं असेल तर विंडोज, 16 जीबी रॅम. डीप लर्निंग स्वतःच्या यंत्रावर करायचं असेल तर एनव्हिडियाचा जीपीयू असलेलं यंत्र, तेही शक्यतो डेस्कटॉप. सिद्धान्ताचं काम, लेखन, कोडिंग, आणि आकडेमोड सर्व्हरवर असेल तर दोन्ही चालतात. घरावर ताण न येता पैसे असतील तर मॅक खुशाल घ्या, सुख आहे. हात आखडता असेल तर कंपन्यांनी तीन-चार वर्षं वापरून काढलेले थिंकपॅड किंवा लॅटिट्यूड बघा. लॅमिंग्टन रोडला ते मिळतात. बॅटरी तपासून आणि पक्कं बिल घेऊनच घ्या. त्यावर उबुंटू टाकलं की वर्षभर आरामात निघतं, आणि तोवर तुमचं काम नक्की काय आहे हेही कळलेलं असतं.

मुदत ठेव मात्र मोडू नका. पीएच.डी.च्या पाच वर्षांत फेलोशिप लांबलेले महिने येतात, आणि ती ठेव खरी तेव्हा कामाला येते.

तुमचा विषय आणि लॅबमधलं सॉफ्टवेअर खाली लिहा, जमेल तसं उत्तर देते. शुभेच्छा!